ला ग्लेझचा वाघ: पेट्रोल संपलेला रणगाडा ऐंशी वर्षं उघड्यावर कसा टिकला?

बेल्जियमच्या पूर्वेला आर्देन नावाचा डोंगराळ, जंगलाचा प्रदेश आहे. त्यातल्या एका चढावर ला ग्लेझ हे छोटंसं गाव वसलं आहे. दगडी घरं, मधोमध चर्च, वळणावळणाचे अरुंद रस्ते. चर्चजवळच १९४४ च्या डिसेंबरमधल्या लढाईचं संग्रहालय आहे आणि त्याच्या समोर, ऊन-पावसात, एक जर्मन रणगाडा उभा आहे. त्याच्या बुरुजावर आकडा आहे २१३. वजन जवळपास ७० टन, म्हणजे प्रवाशांनी खचाखच भरलेल्या चार एसटी गाड्यांपेक्षा जास्त. तोफेच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत लांबी १० मीटरच्या थोडी वर, रुंदी पावणेचार मीटर.

हा दुसऱ्या महायुद्धातला जर्मनीचा सर्वांत जड लढाऊ रणगाडा, 'टायगर टू'. जर्मन लोक त्याला 'क्योनिग्सटिगर' म्हणत. इंग्रजीत त्याचं शब्दशः भाषांतर होऊन 'किंग टायगर' झालं आणि आपल्याकडेही तेच नाव रुळलं. पण जर्मन भाषेत 'क्योनिग्सटिगर' म्हणजे कुठला राजा-वाघ नाही. बंगालच्या, म्हणजे आपल्याच पट्टेदार वाघाचं ते जर्मन नाव आहे. ताडोब्यात जो वाघ बघायला लोक पहाटे उठून जिप्सीत बसतात, त्याचंच नाव या लोखंडी धुडाला दिलं गेलं होतं.

या रणगाड्याबद्दल वाचायला बसलं की सगळीकडे त्याच्या तोफेचं आणि चिलखताचं कौतुक सापडतं. ते कौतुक खोटं नाही. पण मला त्याच्याविषयी दुसरेच दोन प्रश्न पडतात. एवढा बलाढ्य रणगाडा या गावात येऊन थांबला का? आणि थांबल्यावर ऐंशी वर्षं उघड्यावर टिकला कसा? दोन्हींची उत्तरं एकाच गोष्टीपाशी येतात, त्याच्या वजनापाशी.

चिलखत म्हणजे नुसता जाड पत्रा नव्हे

आधी ते वजन आलं कुठून ते पाहू. रणगाडा बनवणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: शत्रूला लांबून फोडणारी तोफ, शत्रूचा गोळा अडवणारं चिलखत आणि हे सगळं घेऊन पळण्याची ताकद. तिन्ही एकदम पुरेपूर मिळत नाहीत. टायगर टू बनवणाऱ्यांनी पहिल्या दोन गोष्टी भरभरून घेतल्या आणि तिसरी मिळेल तेवढ्यावर सोडली.

२१३ च्या समोर उभं राहिलं की जो मोठा तिरका पत्रा दिसतो, तो १५० मिलिमीटर जाड आहे. म्हणजे साधारण दोन-तृतीयांश वीत. पण तो सरळ उभा नाही, मागे कललेला आहे. उभ्या रेषेपासून ५० अंश. या कलण्यातच खरी गंमत आहे. घरात काकडी कापताना आडवी कापली तर गोल चकती मिळते, तिरकी कापली तर लांबट चकती मिळते. काकडी तीच, पण सुरीला जास्त अंतर कापावं लागतं. समोरून आडव्या रेषेत येणाऱ्या गोळ्याचंही तसंच होतं. हिशोब केला तर त्या १५० मिलिमीटरच्या पत्र्यातून आरपार जायला गोळ्याला सुमारे २३० मिलिमीटर पोलाद कापत जावं लागतं. शिवाय तिरक्या पत्र्यावरून गोळा घसरून वर उडून जाण्याची शक्यता असते ती वेगळीच. बुरुजाचा पुढचा पत्रा तर १८० मिलिमीटरचा. बाजूचे पत्रे मात्र ८० मिलिमीटरचे. म्हणून या रणगाड्याशी गाठ पडली की अमेरिकी रणगाडे त्याच्या तोंडासमोर उभं राहणं टाळत आणि बाजूने घुसायची संधी शोधत.

नुसती जाडी मात्र पुरत नाही, पोलादाचा पोतही तितकाच महत्त्वाचा असतो. आपल्याकडे लोहार कोयत्याच्या पात्याला 'पाणी देतो', म्हणजे लालबुंद पातं पाण्यात बुडवून त्याला कठीण करतो. पाणी जास्त झालं तर धार टिकते, पण पातं काचेसारखं ठिसूळ होतं आणि घाव बसला की तुकडा उडतो. कमी झालं तर धार बोथट होते. चिलखताचंही असंच आहे. ते इतकं कठीण हवं की गोळा त्यात रुतू नये, आणि इतकं चिवट हवं की धक्क्याने तडकू नये. हा समतोल साधायला पोलादात मॉलिब्डेनम, निकेल यांसारखे धातू थोड्या प्रमाणात मिसळावे लागतात. युद्धाच्या शेवटी जर्मनीला ते मिळेनासे झाले. पकडलेल्या टायगर टूवर सोव्हिएत तंत्रज्ञांनी गोळे मारून पाहिले, तेव्हा काही ठिकाणी गोळा आरपार गेला नाही तरी पत्रा तडकला आणि वेल्डिंगचे सांधे उकलले. जाडीचा आकडा तोच राहिला, त्यामागचं पोलाद तेवढं चांगलं उरलं नव्हतं.

तोफ ८८ मिलिमीटर व्यासाची. तिची नळी त्या व्यासाच्या ७१ पट लांब, म्हणजे सव्वासहा मीटर. नळी लांब का? दारूगोळ्याच्या स्फोटाने तयार झालेला वायू गोळ्याला मागून ढकलत असतो. नळी जितकी लांब तितका वेळ तो ढकलत राहतो आणि गोळ्याचा वेग वाढत जातो. या तोफेचा दहा किलोचा चिलखतभेदी गोळा सेकंदाला सुमारे एक किलोमीटर वेगाने बाहेर पडायचा. बारूद भरलेल्या पितळी किंवा लोखंडी नळकांड्यासकट एका गोळ्याचं वजन २३ किलोच्या आसपास. बुरुजाच्या आतल्या अडचणीत एक माणूस ते हाताने उचलून भरत असे. आत एकूण पाच जण: बुरुजात कमांडर, तोफची आणि गोळे भरणारा, खाली पुढे चालक आणि रेडिओवाला.

सत्तर टन आणि एक लिटर पेट्रोल

आता तिसरी गोष्ट, पळण्याची ताकद. टायगर टूमध्ये मायबाख कंपनीचं बारा सिलिंडरचं, २३ लिटरचं पेट्रोल इंजिन होतं. ताकद जास्तीत जास्त ७०० हॉर्सपॉवर. आकडा मोठा वाटतो. पण हेच इंजिन जर्मनीच्या ४५ टनी 'पँथर' रणगाड्यातही होतं. म्हणजे २५ टन वजन वाढलं आणि इंजिन तेच राहिलं. एका टनामागे १० हॉर्सपॉवर. आपल्या रस्त्यावरच्या साध्या कारला टनामागे साठ-सत्तर तरी असतात. भरलेला मालट्रक याहूनही कमी ताकदीवर चालतो हे खरं, पण तो डांबरी रस्त्यावर, गुळगुळीत टायरांवर. हा रणगाडा चिखलात, चढावर, शेतातून जायचा होता आणि गोळीबार होत असताना चटकन वळायचाही होता.

सगळा ताण पडायचा तो पुढच्या गिअरवर आणि पट्टे फिरवणाऱ्या शेवटच्या दातेरी चाकांच्या पेट्यांवर. रणगाड्याचं इंजिन मागे, गिअरबॉक्स पुढे, आणि ताकद पुढच्या चाकांतून पट्ट्यांना मिळायची. चालकाने जरा घाईने वळवलं की ७० टनांचा झटका त्या दातांवर यायचा. शिकवलेले, हात बसलेले चालक १९४४ च्या अखेरीस कमी उरले होते. त्यामुळे शत्रूचा गोळा न लागताच बिघडून थांबलेले असे रणगाडे पुष्कळ. आणि थांबलेला ओढून न्यायचा म्हणजे १८ टन ओढणारी खास वाहनं दोन-तीन जुंपावी लागायची. ती मिळाली नाहीत तर रणगाडा तिथेच सोडून द्यायचा.

पण जमिनीत रुतण्याचं काय? इथे एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. या रणगाड्याचे पट्टे ८० सेंटिमीटर रुंद आहेत आणि प्रत्येक पट्ट्याचा सुमारे चार मीटर भाग जमिनीला टेकलेला असतो. ७० टन वजन एवढ्या पसाऱ्यावर वाटलं की एका चौरस सेंटिमीटरवर जेमतेम एक किलो भार येतो. कारच्या टायरखाली याच्या दुप्पट येतो. चिखलात फळी टाकून तिच्यावरून चाललं की पाय रुतत नाही, तसंच हे. तेव्हा मऊ जमीन ही टायगरची मुख्य अडचण नव्हती. अडचण होती पुलांची. पुलाला एका चौरस सेंटिमीटरवर किती भार आहे याच्याशी फार देणंघेणं नसतं, त्याला अख्खं वजन तोलावं लागतं. आर्देनच्या खेड्यापाड्यांतले दगडी पूल बैलगाड्या आणि मालमोटारींसाठी बांधलेले होते. हे अवघड गणित ला ग्लेझच्या लढाईत फार महत्त्वाचं ठरलं.

दुसरं गणित पेट्रोलचं. टाक्यांत ८६० लिटर मावायचं. चांगल्या रस्त्यावर तेवढ्यात सुमारे १७० किलोमीटर, आडरानात १२० च्या आसपास. म्हणजे एका लिटरला रस्त्यावर २०० मीटर आणि शेतात १४० मीटर. आपल्याकडे मोटारसायकल घेताना शेजारी पहिला प्रश्न 'अ‍ॅव्हरेज किती?' असा विचारतो. याचं अ‍ॅव्हरेज किलोमीटरमध्ये सांगताच येत नाही.

आणि जर्मनीकडे पेट्रोल होतं कुठे? तिच्या जमिनीत खनिज तेल फारसं नाही, कोळसा भरपूर आहे. म्हणून जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी कोळशावर प्रचंड दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून त्यापासून कृत्रिम पेट्रोल बनवण्याचे कारखाने उभे केले होते. १९४४ च्या मे महिन्यापासून दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बफेकी विमानांनी नेमके हेच कारखाने लक्ष्य केले. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कासेल शहरातला हेन्शेल कंपनीचा कारखाना, जिथे टायगर टू बनत, तोही बॉम्बखाली गेला. १,५०० रणगाड्यांची मागणी होती. बनले ४९० च्या आसपास. समोर अमेरिकेने शेर्मन रणगाडे ४९ हजारांहून जास्त बनवले. शेर्मन टायगरच्या निम्म्या वजनाचा होता, समोरासमोर त्याच्यापुढे टिकत नव्हता. पण त्याचे सुटे भाग मिळायचे, तो दुरुस्त व्हायचा, पुलावरून जायचा, आणि त्याला पेट्रोल मिळायचं.

डिसेंबर १९४४: रस्ता कुठे बंद झाला

१६ डिसेंबर १९४४ ला हिटलरने आर्देनमधून अचानक मोठा हल्ला चढवला. अमेरिकी आघाडी फोडायची, म्यूझ नदी ओलांडायची आणि अँटवर्प बंदरापर्यंत मजल मारायची असा बेत होता. त्यात सर्वांत पुढे धावायचं काम एसएसच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या, एका तुकडीकडे होतं. तिचा प्रमुख योआखिम पायपर. तिच्यासोबत टायगर टूची बटालियन होती आणि आपला २१३ त्यातलाच. गंमत पाहा, या पायपरने आपले सर्वांत शक्तिशाली रणगाडे रांगेत मागे ठेवले. घाईने पुढे जायचं असेल तर हे अवजड धूड तोंडाशी नको, हे त्याला कळत होतं.

पेट्रोल मोजूनमापून मिळालं होतं. बाकीचं शत्रूच्या साठ्यातून लुटायचं हाच बेत. १७ तारखेला ब्युलिंगेन गावात अमेरिकी साठा त्यांच्या हाती लागला आणि गाड्यांच्या टाक्या भरल्या. त्याच दिवशी दुपारी माल्मेदीजवळ बोन्ये इथल्या चौफुल्यावर या तुकडीने शरण आलेल्या ८४ अमेरिकी सैनिकांना शेतात उभं करून गोळ्या घातल्या. पुढे स्टाव्हलो आणि आसपासच्या वाड्यांवर त्यांनी शंभराहून जास्त बेल्जियन गावकऱ्यांना ठार केलं. त्यात बायका आणि मुलंही होती. २१३ विषयी लिहिताना हे सोडून देता येत नाही. याच रांगेतून हा रणगाडा आला आहे.

१८ डिसेंबरला ही रांग आंब्लेव्ह नदीच्या खोऱ्यातून त्र्वा-पाँ या गावाकडे निघाली. या फ्रेंच नावाचा अर्थच 'तीन पूल'. तिथे अमेरिकी इंजिनिअर तुकडी आधीच पोचली होती आणि जर्मन डोळ्यांदेखत पूल उडवला गेला. पायपर वळसा घालून ला ग्लेझच्या बाजूने गेला. संध्याकाळी पुढच्या ल्येन नदीवरचा पूलही असाच समोर उडाला. हलकी वाहनं दुसऱ्या छोट्या पुलांवरून जाऊ शकली असती, पण रणगाड्यांना पेलेल असा पूल उरला नव्हता. मागे स्टाव्हलो अमेरिकनांनी परत घेतलं आणि १९ च्या रात्री तिथला पूलही पाडला. आता पुढे रस्ता नाही, मागून पेट्रोल नाही, दारूगोळा नाही. जर्मन विमानांनी पॅराशूटने इंधनाचे डबे टाकून पाहिले. त्यातले फार थोडे पायपरच्या हाती लागले.

मला या लढाईतली ही इंजिनिअर पोरं फार मोलाची वाटतात. त्यांच्याकडे टायगरचं पुढचं चिलखत फोडणारं काही नव्हतं. त्यांनी चिलखताला हात न लावता त्याच्या वजनालाच पकडलं.

कोंडीत सापडलेली तुकडी ला ग्लेझमध्ये गोळा झाली. अमेरिकी तोफा गावावर आग ओकत होत्या, घरं आणि चर्च उद्ध्वस्त होत होतं, आणि गावकरी तळघरांत बसून होते. २१३ गावाबाहेरच्या एका शेतवाड्याजवळ मोर्चा धरून उभा होता. २२ डिसेंबरच्या लढाईत एक गोळा थेट त्याच्या तोफेच्या नळीवर लागला आणि नळीचा पुढचा भाग उडून गेला. आता हे लक्षात घ्या: समोरचं चिलखत शाबूत होतं, पण नळी तुटलेली तोफ झाडता येत नाही, आणि तोफ चालत नसेल तर ७० टनांचा रणगाडा म्हणजे नुसती पोलादी खोली. २३ ची रात्र उलटून २४ डिसेंबर उजाडण्याआधी पायपर सुमारे ८०० माणसांना घेऊन अंधारात, बर्फातून, पायी निसटला. मागे रणगाडे, हाफट्रॅक (पुढे चाकं, मागे पट्टे असलेल्या गाड्या), तोफा मिळून शंभरच्या आसपास वाहनं राहिली. त्यांतला एक आपला २१३.

पुढे १९४६ मध्ये दाखाऊ इथे पायपर आणि त्याच्या साथीदारांवर खटला चालला. फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या, अमलात एकही आली नाही, आणि १९५६ च्या अखेरीस पायपर सुटला.

कोन्याकची बाटली

युद्ध संपल्यावर युरोपभर शेतांत आणि रस्त्यांवर मोडके रणगाडे पडलेले होते. शेतकऱ्याला ते अडचण, भंगारवाल्याला सोनं. ॲसिटिलीनच्या ज्योतीने कापून, तुकडे करून ते भट्टीत गेले. १९४५ च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्याची साफसफाई करणारी तुकडी ला ग्लेझमध्ये आली आणि २१३ ओढून न्यायला लागली. तेव्हा गावातली एक बाई पुढे झाली. 'हा इथेच राहू द्या,' असं तिने सांगितलं आणि मोबदल्यात कोन्याकची, म्हणजे फ्रेंच ब्रँडीची, एक बाटली पुढे केली. सैनिकांनी बाटली घेतली आणि रणगाडा गावात सोडला.

ज्या गावाची घरं या लढाईत पडली, त्याच गावाने तो ठेवून घेतला, याचं मला राहून राहून नवल वाटतं. १९५१ मध्ये त्याला आजच्या जागी आणून उभं केलं. सत्तरच्या दशकात काही हौशी माणसांनी त्याची डागडुजी केली, रंग दिला. तुटलेल्या नळीला पुढे जोड दिला. पण टायगरच्या नळीचं टोक कुठून आणणार? मग पँथर रणगाड्याच्या तोफेचा भाग लावला गेला. आज फोटोत जी लांब, पूर्ण दिसणारी तोफ आहे, तिचं तोंड दुसऱ्या रणगाड्याचं आहे.

पाऊस, बर्फ आणि गंज

आता शेवटचा प्रश्न: ऐंशी वर्षं उघड्यावर राहून हा शाबूत कसा?

लोखंडाला गंज चढायला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि हवेतला प्राणवायू. तिसरी गोष्ट आली की वेग वाढतो, ती म्हणजे मीठ. कोकणात समुद्राजवळ राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे खिडकीचे गज आणि सायकली डोळ्यांदेखत खाऊन जातात. आर्देन समुद्रापासून दूर आहे, हवा स्वच्छ आहे. अशा हवेत उघड्या पोलादाचा थर वर्षाला मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकाच झिजतो. आठ दशकांत तो अगदी रंगाशिवाय राहिला असता तरी काही मिलिमीटर गेले असते. १५० मिलिमीटरच्या पत्र्याला त्याचं काय? ज्या जाडीने गोळे अडवले, तीच जाडी पावसालाही पुरून उरली. वजनानेच त्याला अडवलं होतं, आता त्याच वजनाने त्याला वाचवलं.

पण रणगाडा म्हणजे सगळा जाड पत्राच नसतो. पट्ट्यांवरची चिखलपाटी, इंजिनावरच्या जाळ्या, धुराड्याची आवरणं, बिजागऱ्या, नट-बोल्ट हे सगळं पातळ. गंज आधी त्यांना खातो. शिवाय गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, मूळ धातूच्या दुप्पट ते सहापट. दोन पत्र्यांच्या फटीत तो चढला की आतून पाचर मारल्यासारखा फट फाकवत जातो. जुन्या इमारतींच्या स्लॅबमधली सळई गंजली की खालचं प्लास्टर फुगून पडतं, ते याच कारणाने.

सर्वांत मोठा धोका मात्र बाहेरून दिसत नाही, तो पोटात असतो. वरच्या झाकणांतून, जाळ्यांतून पावसाचं पाणी आत झिरपतं आणि तळाशी साठतं. सोबत झाडांची पानं येतात, ती कुजतात, ओल धरून ठेवतात. झाकणं घट्ट बंद केली तरी सुटका नाही. एवढं मोठं पोलाद रात्री थंड होतं आणि सकाळी लवकर तापत नाही. बाहेरची दमट हवा त्याला लागली की फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर येतं तसं पाणी आतून-बाहेरून जमतं. म्हणून उघड्यावरच्या रणगाड्याला 'बंद करून टाका' हा उपाय चालत नाही. तळाची पाणी जायची भोकं मोकळी ठेवायची, हवा खेळती ठेवायची, पानं काढायची. काम कंटाळवाणं आहे आणि दरवर्षी करावं लागतं.

रंगाचंही असंच. रंग पाणी अडवतो तोवर तो रक्षण करतो. त्याला तडा गेला की पाणी त्याच्याखाली शिरतं, सुकत नाही, आणि वरून छान दिसणाऱ्या रंगाखाली गंज पसरत राहतो. मग सगळा जुना रंग काढून नवा द्यायची वेळ येते. इथे जतन करणाऱ्यांची खरी कसोटी असते. वाळूचा जोरदार फवारा मारून रंग उडवला की पोलाद चकचकीत निघतं, पण त्याबरोबर कारखान्यातला मूळ रंग, हाताने लिहिलेल्या खुणा, वेल्डिंग करणाऱ्याच्या हाताचे माग हेही निघून जातात. गंज जे ऐंशी वर्षांत करत नाही ते अतिउत्साही दुरुस्ती एका दुपारी करू शकते.

फ्रान्समध्ये नॉर्मंडीत विमूतिए गावाबाहेर रस्त्याच्या कडेला असाच एक रणगाडा आहे, आधीच्या पिढीचा टायगर वन. ऑगस्ट १९४४ मध्ये फालेझच्या वेढ्यातून माघार घेताना त्याचं पेट्रोल संपलं, चालक दलाने त्यात स्फोट घडवला आणि ते निघून गेले. भंगारवाल्याने आतला बराच ऐवज काढून नेला. १९७५ मध्ये फ्रान्सने त्याला ऐतिहासिक स्मारक म्हणून नोंदवलं. मॉस्कोजवळ लेनिनो-स्नेगिरी इथला टायगर तर सरावाचं निशाण म्हणून वापरला गेला होता, त्याच्या अंगावर भोकंच भोकं आहेत. याउलट इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या संग्रहालयातला, १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडलेला टायगर १३१ आजही इंजिनावर चालतो, आणि फ्रान्समधल्या सोम्यूरच्या संग्रहालयात चालू स्थितीतला टायगर टू आहे. ते छपराखाली आहेत, कोरड्यात आहेत. तज्ज्ञांना विचारलं तर ते २१३ लाही छपराखाली न्या म्हणतील, आणि धातूच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

आपल्याकडे अहिल्यानगरला लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ मध्ये सुरू झालेलं. तिथे बागेत, झाडांखाली मांडलेले रणगाडे पाहिले असतील तर त्यांच्या कडांवर रंगाचे थरावर थर चढलेले आठवतील. १९६५ च्या लढाईत पाकिस्तानकडून घेतलेले पॅटन रणगाडेही तिथे आहेत. ते जिंकून आणलेले आहेत, मानाने मांडलेले आहेत. ला ग्लेझचा २१३ कोणी कुठून आणलेला नाही. जिथे त्याची लढाई संपली त्याच गावात तो आहे. म्हणून त्याला दूरच्या शहरात, एसी दालनात नेण्याची कल्पना मला पटत नाही. गावातच त्याच्यावर साधं छप्पर आलं तर मात्र मला आनंद होईल.

तोफेच्या जोडाबद्दल मी पूर्वी वेगळा विचार करायचो. नळी तुटकीच ठेवायला हवी होती, असं वाटायचं, कारण तुटकी नळीच सांगत होती की हा रणगाडा कशाने निकामी झाला. पँथरचं तोंड लावून तो पुन्हा धडधाकट, भीतिदायक दिसू लागला. आता वाटतं, गावकऱ्यांनी आणि हौशी माणसांनी मिळेल त्यातून केलेली ती जोडणीही त्याच्याच इतिहासाचा भाग झाली आहे. ती काढू नये. शेजारी एक फलक लावून सांगावं की इथून पुढचा तुकडा याचा नाही.

कधी त्या बाजूला जाणं झालं तर रणगाड्याच्या समोर उभं राहून आधी पुढच्या पत्र्यावरचे गोळ्यांचे खड्डे शोधा. पोलाद चिखलासारखं दबलेलं दिसेल, पण फुटलेलं नाही. मग बाजूला येऊन पट्ट्याच्या रुंदीला हात लावून बघा. मग मागे जा, जिथे ते २३ लिटरचं तहानलेलं इंजिन होतं. आणि परतताना त्र्वा-पाँ आणि स्टाव्हलोवरून बोन्येला जा, गाडीने तासाभरात पोचता. वाटेत आंब्लेव्हवरचे पूल लागतील, सगळे नंतर बांधलेले. बोन्येच्या चौफुल्यावर एक दगडी भिंत आहे, आणि तिच्यात बसवलेले ८४ काळे दगड आहेत.